फटफटीची नौबत

परकीय वस्तू आपल्या मुलखात आली म्हणजे तिचे बारसे करण्याच्या मराठी माणसाच्या काही ठरीव रीती आहेत. वाफेच्या बळावर धावणाऱ्या गाडीच्या पोटातील विस्तव त्याच्या नजरेत प्रथम भरला, म्हणून तिला त्याने आगगाडी म्हटले आणि त्याच न्यायाने पाण्यावरची ती आगबोट झाली. पायांनी चालवावयाची ती पायगाडी ठरली. आणि आकाशातून जाणाऱ्या यंत्रासाठी तर नवा शब्द घडविण्याचे श्रमही त्याला पडले नाहीत, कारण पुराणांतील विमान त्याच्या पदरी आयतेच होते. परंतु दोन चाकांच्या सांगाड्यात एंजिन बसविलेले वाहन जेव्हा आपल्या रस्त्यांवर आले, तेव्हा लोकांनी त्याचा आकार पाहिला नाही, त्याची चाके मोजली नाहीत, ते कशाच्या बळावर चालते याचीही चौकशी केली नाही; ते नुसते ऐकले, आणि फटफटी हे नाव ठेवून मंडळी मोकळी झाली. उत्तरेतही याच कानाने ते ऐकले गेले असावे, कारण तिकडे ती फटफटिया झाली, आणि महायुद्धात वापरलेल्या हार्ले-डेव्हिडसन व इंडियन या अमेरिकन मोटारसायकलींना मागे बाके जोडून दिल्लीच्या चांदणी चौकातून उतारू नेणाऱ्या ज्या रिक्षा १९९८ पर्यंत धावत होत्या, त्यांना फटफट सेवा असेच म्हणत.

आता ज्या वाहनाचे नावच त्याच्या आवाजावरून पडले, त्याने मुकाट्याने चालावे म्हणणे हे नगाऱ्याला कुजबुजावयास सांगण्यासारखे आहे, असे एखादा म्हणेल. आणि सायलेन्सरची पुंगळी काढून पेठांतील बोळांमधून दणदणत जाणारा तरुण वस्तुतः हेच म्हणत असतो, फक्त ते तो शब्दांत म्हणत नाही. उलट पक्षी, रात्री साडेअकराला डोळा लागतो न लागतो तोच अंथरुणावर दचकून उठणारा गृहस्थ हा सगळा अलीकडचा माज आहे, पूर्वीच्या बुलेटी अशा नव्हत्या, अशी साक्ष देतो. दोन्ही पक्ष इतिहासाचा हवाला देतात. तो हवाला दफ्तराशी ताडून पाहिला तर दोघांचेही म्हणणे निम्मेच खरे ठरते, आणि राहिलेले निम्मे काय आहे ते पाहण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम हा आवाज उत्पन्न कसा होतो ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटून पिस्टन खाली लोटला जातो. त्याचे काम संपत येते तोच निकासाची झडप उघडते आणि आत अद्याप दाबाखाली असलेला तप्त वायू वाट मिळताच बाहेर उसळतो. बंदुकीची गोळी सुटल्यावर नळीच्या तोंडाशी जो बार होतो, त्याचेच हे धाकटे भावंड. फोर स्ट्रोक एंजिनात हा बार दर दोन फेऱ्यांस एकदा होतो. म्हणून जुनी, एका सिलिंडरची बुलेट मिनिटाला नऊशे फेऱ्यांच्या संथ गतीने उभ्या जागी चालू ठेवली, तर मिनिटाला साडेचारशे, म्हणजे सेकंदाला सात-आठ बार होतात. माणसाच्या कानाला सेकंदाला पंधरा-वीसपर्यंतचे ठोके सुटे सुटे जाणवतात, त्यापुढे ते एकमेकांत विरघळून त्यांचा अखंड सूर होतो. बुलेटचा ठोका या सीमेच्या पुष्कळ अलीकडे राहतो. सत्तर मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात पिस्टन नव्वद मिलिमीटर खालीवर करावयाचा, त्याला जोडलेले जड फ्लायव्हील सावकाश फिरवावयाचे, अशी तिची मुळातली घडण असल्याने प्रत्येक बार वेगळा, भरदार आणि मागच्यापुढच्याशी अंतर राखून ऐकू येतो. या गाडीचे शौकीन त्याला फायरिंग म्हणतात. दुसरे वाहन विकत घेताना गिऱ्हाईक अॅव्हरेज विचारते. जुनी बुलेट घेणारा मात्र ती स्टँडवर लावून चालू करावयास सांगतो आणि मान किंचित वाकडी करून, सतारीची तार लावणाऱ्यासारखा, फायरिंग ऐकत उभा राहतो.

हे ऐकणे निव्वळ चोचल्यापोटी नव्हते, हे नव्या पिढीस ठाऊक नसण्याचा संभव आहे. जुनी बुलेट चालू करणे हाच एक विधी असे. डिकॉम्प्रेशनचा खटका दाबावयाचा, अँपिअरच्या घड्याळातील काटा मध्यावर येईपर्यंत किक हलके हलके खाली न्यावयाची, मग खटका सोडून एकच पूर्ण लाथ. अंदाज चुकला तर किक उलटून घोटा सुजे, आणि त्या सुजेची वार्ता गावभर होई. गाडी चालू झाल्यावर पॉइंट बिघडला आहे की टॅपेट सैल झाला आहे, पेट्रोल जास्त जाते की हवा, याचा निवाडा मिस्त्री कानानेच करीत असे, कारण त्याच्यापाशी दुसरे साधन नव्हते. वैद्याच्या बोटांना नाडी, तसा त्याच्या कानांना तो ठोका. ज्यांनी ती गाडी तीस-तीस वर्षे सांभाळली त्यांना तिचा आवाज प्रिय का, याचे पहिले उत्तर येथे आहे; आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा ठोका नीट ऐकू येण्यासाठी तो मोठा असावा लागत नाही, स्वच्छ असावा लागतो.

मोटारसायकलीचे कुळ पाहू गेल्यास ते बंदुकीशी फार जवळचे निघते. बी. एस. ए. या प्रसिद्ध अक्षरांचा अर्थच मुळी बर्मिंगहॅमची लहान शस्त्रास्त्रे बनविणारी कंपनी असा आहे. इंग्लंडातील रेडिच गावच्या कारखान्याने एन्फील्ड हे नाव घेतले ते एन्फील्ड येथील सरकारी बंदूक कारखान्यास सुटे भाग पुरविल्याच्या अभिमानाने. तोफेचे चित्र आणि बंदुकीसारखी घडविलेली हे ब्रीद तेथूनच आले. त्या कंपनीची पहिली मोटारसायकल १९०१ ची, आणि बुलेट हे नाव १९३२ चे. जावाचा जनक फ्रांटिशेक यानेचेक हा प्राग येथे शस्त्रांचा कारखाना चालवीत असे. त्याने १९२९ साली स्वतःच्या आडनावाची आणि वांडरर या जर्मन कंपनीच्या नावाची आद्याक्षरे जोडून जावा हा शब्द सिद्ध केला. बंदूक आणि फटफटी एकाच पंक्तीला बसल्या असता त्यांचा आवाज दाबणारे यंत्र तरी वेगळ्या घरात कसे जन्मावे? मोटारीच्या सायलेन्सरचे एक आरंभीचे पेटंट अमेरिकेतील रीव्ह्ज बंधूंनी १८९७ साली घेतले खरे, परंतु या विद्येत ज्याचे नाव गाजले तो हायरम पर्सी मॅक्सिम. आणि त्याने १९०९ साली पेटंट घेतले ते बंदुकीच्या सायलेन्सरचे. मॅक्सिम मशीनगनचा शोध लावून जगाचे कान किटविणारा हायरम मॅक्सिम हा त्याचा बाप. बापाने आवाज केला आणि पोराने तो मिटविण्याचा धंदा काढला, असा प्रायश्चित्ताचा योग यंत्रविद्येच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

सायलेन्सरची रचना गहन नाही. नळीतून सुसाट येणारा वायू एका रुंद डब्यात शिरला की पसरतो आणि त्याचा दाब उतरतो. त्या डब्यातील आडव्या पडद्यांना आणि भोके पाडलेल्या नळीला अडखळत, कधी काचतंतूंच्या अस्तरात आपला कर्कशपणा जिरवीत, तो दमून बाहेर पडतो. जुन्या कोर्टकचेरीत शिरलेला पक्षकार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे हिंडत अखेर ज्या स्वरात बोलू लागतो, तोच हा स्वर.

आणि आता एक गोष्ट अशी सांगतो की, आवाज हाच मोटारसायकलीचा धर्म आहे असे मानणाऱ्यांनी ती जरूर ध्यानात ठेवावी. ज्या हार्ले-डेव्हिडसनच्या गडगडाटाचे भक्त आज पृथ्वीभर पसरले आहेत, तिच्या आरंभीच्या गाडीस लोक ‘मूक करडा सोबती’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखत. रंग करडा, आणि सायलेन्सर चांगला म्हणून मूक. घोड्यांच्या जमान्यात घोडे न बुजविणारी गाडी ही तारीफ होती. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांना पायाने उघडण्याचे एक झाकण असे. चढावर एंजिन दमले किंवा पुढे गुरे आडवी आली की ते उघडावयाचे, म्हणजे वायू सायलेन्सरला बगल देऊन थेट बाहेर पडे आणि घंटेची गरज उरत नसे. स्वाराला मौन आणि गर्जना या दोहोंतून निवड करता येत असे. कालांतराने हार्लेचा स्वभाव पालटला. पंचेचाळीस अंशांत बसविलेले दोन सिलिंडर एकाच क्रँकपिनवर असल्यामुळे तिचे बार समान अंतराने होत नाहीत, एक ३१५ अंशांनी तर दुसरा ४०५ अंशांनी होतो, आणि त्यातून निघणारी लंगडी लय कंपनीला इतकी मोलाची वाटली की, १९९४ साली तिने त्या आवाजावरच व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगणारी दरखास्त अमेरिकन सरकारकडे रुजू केली. जपानी कंपन्यांनी हरकती घेतल्या, आणि सहा वर्षांनी, २००० साली, ती दरखास्त मागे घेण्यात आली. मूक सोबती ते आवाजाची मिरासदारी हा प्रवास एका शतकाच्या आत झाला.

शेजाऱ्यांची तक्रारही तितकीच जुनी आहे. इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे शर्यतींसाठी बांधलेली पहिली वर्तुळाकार वाट १९०७ च्या जूनमध्ये खुली झाली आणि त्याच महिन्यात एस. एफ. एज नावाच्या धाडसी गृहस्थाने तिच्यावर एकट्याने चोवीस तास मोटार हाकून १५८१ मैलांचे अंतर कापले. त्या पराक्रमाचे कौतुक वृत्तपत्रांतून झाले. परंतु रात्रभर टक्क जागे राहिलेल्या आसपासच्या रहिवाशांचा संताप असा की, पुन्हा तेथे रात्री गाडी चालविणे बंद झाले. पुढे तेथील चोवीस तासांची शर्यत बारा-बारा तासांचे दोन दिवस करून उरकावी लागे, आणि १९२० नंतरच्या दशकात प्रत्येक गाडीस ठरावीक आकाराचा मोठा सायलेन्सर बसविणे सक्तीचे झाले. पुण्याच्या पेठांतील गृहस्थाने स्वतःला एकाकी समजू नये.

हिंदुस्थानात बुलेट रुळली ती सरकारी हुकमाने. १९५४ साली सरहद्दीवरील गस्तीसाठी सैन्याकरिता साडेतीनशे सी. सी. च्या आठशे बुलेट मागविण्यात आल्या आणि पुढील वर्षी मद्रास मोटर्सबरोबर भागीदारी होऊन एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथे गाड्या तयार होऊ लागल्या. रेडिचचा मूळ कारखाना १९६७ साली बंद पडला आणि थोड्याच वर्षांत ती इंग्रजी कंपनीच नाहीशी झाली. पण इकडे तीच गाडी त्याच साच्यात निघत राहिली. इंग्रजांची भाषा आणि इंग्रजांची बुलेट, या दोन्ही त्यांच्यापेक्षा आपणच अधिक निष्ठेने जतन केल्या.

सैन्य आणि पोलीस यांच्यामागून ती आपल्याकडे कोणाच्या दारी गेली ते पाहण्यासारखे आहे. ऊस पिकविणारा मळेकरी, साखर कारखान्याचा संचालक, सरपंच, तालुक्याचा कंत्राटदार, चार गावे फिरणारा डॉक्टर. या मंडळींना गाडी लागे ती ओबडधोबड रस्त्यावर टिकणारी, हे उघडच आहे. पण आवाजाविषयीची त्यांची ओढ केवळ त्यातून आली असे मला वाटत नाही. माझा तर्क असा की, त्यांचा कान आधीच तयार झालेला होता. साताऱ्याच्या कूपर कारखान्याची आणि १९४६ नंतर पुण्याच्या किर्लोस्करांची तेलावरची एंजिने महाराष्ट्राच्या विहिरींवर बसली, तेव्हापासून एका सिलिंडरचा तो संथ, सुटा ठोका म्हणजे पाणी, पाणी म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे पत, असे समीकरण त्या मुलखाच्या रक्तात भिनले होते. पिठाची गिरणी चालू आहे की बंद, हेही दळण घेऊन निघालेल्या बाईला घरूनच पुकपुक आवाजावरून कळे. शेतात ज्या ठोक्याने घरात लक्ष्मी आणली तोच ठोका मालकाच्या बुडाखाली येऊन गावात फिरू लागला, तर तो त्याला कर्कश कसा वाटावा? पुढे ग्रीव्ह्जचे डिझेल एंजिन बसविलेली टॉरस नावाची बुलेट निघाली. तिचा आवाज तर थेट विहिरीवरच्या एंजिनाचाच होता, आणि खेड्यात तिला नावे ठेवणारा मला कोणी भेटला नाही.

याहून जुने असे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते तेच मुख्य. आवाज हा आपल्याकडे दर्जाचा अधिकार होता. नौबत कोणीही आपल्या दारात वाजवू शकत नसे. जरीपटका आणि साहेबी नौबत हे छत्रपतींकडून सरदाराला मिळावयाचे मान होते, आणि ज्याला ते मिळाले त्याची स्वारी दिसण्याआधी ऐकू येत असे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा नगारखाना आजही उभा आहे. कोणाच्या दारात आपण उभे आहोत ते आत शिरण्यापूर्वी कानावर घालणे हे त्याचे काम. संस्थाने गेली, सरंजाम गेले, चौघडे लग्नमंडपापुरते उरले. पण आपण येत आहोत हे गावाला आधी कळावे ही वासना कोणत्या कायद्याने खालसा करावी? पाटलाची बुलेट वेशीवर आली की चावडीवरची माणसे सावरून बसत, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना नौबतीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. फरक एवढाच की, नौबतीला सनद लागे आणि तिचे प्रहर ठरलेले असत; फटफटीला पेट्रोल पुरते.

मध्यंतरी दोन अन्य घराण्यांनी आपल्या कानावर राज्य केले. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा आणि १९७३ पासून तीच गाडी येझदी या नावाने निघू लागली. सिलिंडर एक आणि सायलेन्सर मात्र दोन, एक डाव्या अंगाला व एक उजव्या, असा तिचा थाट. ही टू स्ट्रोक. हिच्यात दर फेरीस बार होतो, म्हणून उभ्या जागीही तिचे ठोके सुटे राहत नाहीत, त्यांची टरटर होते. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंस अडकवून पहाटे शहरात शिरणाऱ्या गवळ्याची येझदी आणि राजदूत ज्या आळ्यांतून जात, तेथे गजराच्या घड्याळाचा खप कमी होता. नंतर १९८५ साली यामाहाची आर. एक्स. १०० आली आणि कॉलेजातील पोरे वेडी झाली. तिच्या सायलेन्सरातील जाळी काढली की तीक्ष्ण, चिरत जाणारा असा काही सूर निघे की, गाडी आहे त्याहून दुप्पट वेगाने धावते आहे असे वाटावे. वाटावे, एवढेच, कारण टू स्ट्रोकचा धुराडा नुसती वायूची वाट नसतो, त्याच्या फुगीर पोटावरून परतणारी दाबाची लाट सिलिंडरात ताजे मिश्रण कोंडून ठेवण्याचे काम करते, आणि ते पोट मनमानीने कापले तर आवाज वाढून जोर घटतो. त्याच वर्षी हीरो होंडाची शंभर सी. सी. ची फोर स्ट्रोक गाडी बाजारात आली. ती शिवणयंत्रासारखी बोले, पेट्रोल थेंबाथेंबाने पिई, आणि नोकरदार महाराष्ट्राने एक तपाच्या आत आपला कौल तिला दिला. दिवसाकाठी दहा मैल ऑफिसला जाणाऱ्या कारकुनास नौबत नको होती, त्याला महिनाअखेरपर्यंत पगार पुरावयास हवा होता.

मग आजचा गोंगाट कोठून आला? मद्रासची कंपनी १९९४ साली आयशर समूहात सामील झाली आणि २००८-०९ च्या सुमारास बुलेटचे लोखंडी एंजिन जाऊन गिअरपेटीसह एकसंध असे नवे एंजिन आले. ते कमी बिघडे, बटनावर चालू होई, तेल गाळीत नसे. आणि जुन्या भक्तांनी त्यावर एकच हरकत घेतली, फायरिंग गेली. धुराच्या निर्बंधांमुळे सायलेन्सराच्या पोटात विषारी वायू शमविणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले, ठोका आणखी दबला. जे कारखान्याने दिले नाही ते बाजाराने दिले. पंजाब, इंदोरी, फटाका असल्या नावांचे सायलेन्सर दुकानांच्या दर्शनी भागात टांगले गेले आणि ज्यांनी लोखंडी बुलेट कधी चालविलीही नव्हती त्यांनी तिच्या आठवणीखातर ते बसविले. येथे एक सूक्ष्म फसवणूक झाली. त्यांना हवा होता तो जुना ठोका. मिळाला तो नुसता मोठा आवाज. कारखान्याचा जुना सायलेन्सर बसविलेली १९७० च्या आसपासची बुलेट जवळून ऐकावी. ती खर्जात बोलते, ओरडत नाही. आणि फटाक्याचा प्रकार तर निव्वळ बाजारबसवा. चालत्या गाडीची चावी बंद करून मूठ पिळावयाची, न जळलेले मिश्रण तापलेल्या सायलेन्सरात साठू द्यावयाचे आणि चावी पुन्हा फिरवून त्याचा स्फोट करावयाचा. यात एंजिनाचे कर्तृत्व काडीचे नाही. अस्सल बुलेटवाले या मंडळींकडे कीर्तनकाराने तमाशाच्या फडाकडे पाहावे तसे पाहतात, आणि या तंट्यातील सर्वांत कडवट शब्द मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहेत.

मोठ्या आवाजाच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद करण्यात येतो, तो अमेरिकेतून आलेला आहे: आवाज मोठा असला तर मोटारवाल्यांना स्वाराची चाहूल लागते आणि प्राण वाचतात. हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही, कारण मोटारवाल्यास दुचाकी दिसत नाही हे दुःख खरे आहे. पण लॉस एंजेलिसमधील नऊशे अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करून १९८१ साली प्रसिद्ध झालेला हर्ट यांचा अहवाल सांगतो की, तीन चतुर्थांशांहून अधिक अपघातांत धोका स्वाराच्या समोरून, पंचेचाळीस अंशांच्या टापूतून येतो. आणि सायलेन्सरचे तोंड तर मागे असते. ज्याच्यापासून भय, त्याला तो आवाज कमी ऐकू येतो. ज्याच्यापासून काही भय नाही अशा मागच्या सायकलवाल्याच्या मात्र तो कानठळ्या बसवितो. गंमत अशी की, वेग वाढला म्हणजे शिरस्त्राणाभोवतीच्या वाऱ्याच्या घोंगावण्यात स्वतः स्वारालाही आपल्या गाडीची गर्जना पुरती ऐकू येत नाही. म्हणजे खर्च त्याचा, आणि श्रवण इतरांचे.

ज्यांना हा आवाज नकोसा होतो त्यांची बाजू कायद्याने बऱ्याच पूर्वी उचलून धरली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील १२० वा नियम प्रत्येक वाहनास सायलेन्सर सक्तीचा करतो, १७५ सी. सी. हून मोठ्या मोटारसायकलीस कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा २००५ सालापासून घालण्यात आली. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढेच मान मंजूर आहे. डेसिबलचे गणित व्याजावर चढणाऱ्या व्याजासारखे असते. दहाची वाढ झाली की कानाला आवाज सुमारे दुप्पट भासतो. त्यातून पेठांतील रस्ते अरुंद आणि दोन्हीकडे भिंती, त्यामुळे आवाजाला वर जाण्यावाचून वाट नाही. आणि वर माणसे निजलेली असतात. दंडही वाढला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाचे मान मोडणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अंमलबजावणीचा मामला मात्र सरकारी रिवाजाने चालतो. मधूनच एखाद्या महिन्यात मोहीम निघते, जप्त सायलेन्सर ओळीने रस्त्यावर मांडले जातात, वरून रोडरोलर फिरतो, छायाचित्रे छापून येतात. पुणे, नागपूर, मुंबई, सर्वत्र हा सोहळा झाला आहे. तो पाहताना मला दर वेळी वाटते की, हत्तीच्या पायी द्यावयाचाच तर विकणारा द्यावा, निदान त्याचे दुकान तरी. कारण चिरडलेल्या सायलेन्सराच्या जागी नवा बसविणे हे त्याच दुकानात अर्ध्या तासाचे काम आहे.

आमच्या आळीत एक निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांची बुलेट लोखंडी एंजिनाची, उजव्या पायाच्या गिअरची. रविवारी सकाळी ते ती काढतात आणि कोपऱ्यावर जाईपर्यंत आळीतील म्हातारी माणसे आपापल्या खिडकीतून ती ऐकतात. तक्रार अद्याप कोणी केलेली नाही. त्यांच्या धाकट्या पुतण्याने मागील वर्षी नवी गाडी घेतली आणि आठवड्याच्या आत तिला इंदोरी सायलेन्सर चढविला. काकांनी वाद घातला नाही. काढलेला मूळ सायलेन्सर दुकानातून मागवून घेतला, तेलाचे फडके फिरवले आणि माळ्यावर ठेवून दिला. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा पुतण्या असेल तर त्यांनीही एवढे जरूर करावे. गाडी विकावयास काढली की गिऱ्हाईक पहिल्याने तोच मागते.